आईचा उजवा पाय

आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती रडली नाही. टॉवेलच्या कडा शिवून तिनं आम्हा दोघा भावंडांना शिकवलं होतं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून गठ्ठे यायचे आणि घरात दिवसभर मशीन चालायची. पुढं तिला साखरेचा आजार लागला. अंगठ्याला झालेली जखम तिनं पायात मोजा घालून दोन महिने माझ्यापासून लपवली. मला कळलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मला खाटेजवळ बसवून घेतलं.

"पाय त्यांना टाकू देऊ नको. मागून घे."

"मागून घेऊन काय करू, आई?"

"पप्पांच्या शेजारी माझी जागा हाय की. तितं पुरून ये. उठायच्या दिवशी सगळं एका जागी पायजे."

आम्ही ख्रिस्ती. मेलेली माणसं एक दिवस शरीरासह उठतील, असं आम्ही दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून म्हणतो. मी ते लहानपणापासून पाढ्यासारखं म्हणत आले. आई ते खरं धरून चालायची. पप्पांना पुरलं तेव्हा त्यांचे पाय पूर्वेकडं आहेत ना, हे तिनं खड्डा खणणाऱ्याला दोनदा विचारलं होतं. उठल्यावर तोंड उगवतीकडं हवं म्हणून.

"आणते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शाळेतल्या एक बाई सोबतीला आल्या होत्या. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. भाऊ चिंचोळीच्या कारखान्यात होता, पाळी संपल्यावर येणार होता. एक सिस्टर कागद घेऊन आली.

"मॅडम, काढलेला पाय तुम्ही नेणार की आम्हीच विल्हेवाट लावू? नेणार असाल तर वेगळा फॉर्म भरावा लागेल."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "नेतात की काय लोक?" त्यांनी सहज विचारलं. त्यात टोमणा नव्हता. पण मला एकदम लाज वाटली. पाय पिशवीत घालून रिक्षात बसलेली मी, दफनभूमीच्या वॉचमनला समजावून सांगणारी मी, सगळं डोळ्यांसमोर आलं. "छे, छे," मी म्हणाले, आणि सिस्टरनं बोट ठेवलं तिथं सही केली.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. तिचे ओठ कोरडे पडले होते. पाणी मागायच्या आधी तिनं विचारलं, "केलंस?"

"केलं."

"कुटं?"

"पप्पांच्या शेजारीच. तू म्हणालीस तिथं."

"प्रार्थना केलीस?"

"केली, आई."

तिनं माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. "देव तुझं बरं करो, बाळ," म्हणाली आणि झोपली. भाऊ आल्यावर त्यालाही मी हेच सांगितलं.

त्यानंतर ईस्टर आला. त्या दिवशी आमची मंडळी पहाटे दफनभूमीत जमते, कबरींवर फुलं वाहते, उजाडताना गाणी म्हणते. आईनं व्हीलचेअरवरून यायचा हट्ट धरला. पप्पांच्या कबरीशी आल्यावर म्हणाली, "दाखव." मी शेजारच्या मोकळ्या जमिनीवर एक जागा दाखवली. तिथं थोडं गवत उगवलं होतं. खुर्चीतून वाकून तिनं त्यावर झेंडूची फुलं टाकली, मग पप्पांच्या कबरीकडं बघून हसली. "बघा, अर्धी मी आधीच येऊन बसले."

आजूबाजूचे लोकही हसले. एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेक असावी तर अशी," म्हणाली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला भरून आलं आहे.

त्या आठवड्यात मी एकटीच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, कितीतरी लोक. त्यांना उठवणारा तुमच्या आईच्या पायासाठी अडून बसेल का? त्याची काळजी करू नका."

मला हायसं वाटलं. "मग आईला न सांगितलं तरी चालेल?"

"ते मी कुठं म्हणालो?" त्यांनी विचारलं.

तरी मी सहा महिने काढले. आज तिची साखर वाढली आहे, उद्या पाहुणे येणार आहेत, असं करत. शेवटी एका रविवारी चर्चमधून आल्यावर ती भावाला म्हणाली, "ताईनं माझा पाय पुरलाय, तितं नीट दगड बसवू." तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. भाऊ घरी गेल्यावर मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं.

ती म्हणाली, "कचऱ्यात टाकला?"

"नाही गं. जाळतात ते. भट्टीत."

"एकटाच?"

मला आधी कळलं नाही. "इतरांचंही असतं. ज्यांचं ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांचं."

ती त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी हाक मारून म्हणाली, "पायाचं जाऊ दे. प्रार्थना केली म्हणालीस, त्यावर मी तुला आशीर्वाद दिला हुता." मी तिच्या खाटेशी जाऊन बसले. "आता तरी कर," ती म्हणाली.

मी डोळे मिटले, पण तोंडातून शब्द निघेना. शेवटी तिनंच प्रार्थना केली. स्वतःच्या पायासाठी केली, आणि त्या भट्टीत ज्यांचं ज्यांचं काही गेलं, त्या अनोळखी माणसांसाठीही केली. माझ्यासाठी काही मागितलं नाही. मी आमेन म्हणाले.

ती माझ्यावर कधी ओरडली नाही. चहा, औषधं, अंघोळ, सगळं माझ्याच हातून घ्यायची. पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की भावाला बोलवायची. कबर किती खोल, पेटी कसली, कोणती गाणी म्हणायची, हे तिनं माझ्यादेखत त्याला सांगितलं. तो लिहून घेत होता. मी शेजारी मटकी निवडत बसले होते. तिनं एकदाही वळून मला विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. भावानं कागदावरचं एकेक पाहिलं, कबर खणायला माणसं पाठवली. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी तो आत आला.

"ताई, साडी कुठली?"

"लिहिलं नाहीस?"

"विचारलं होतं मी. म्हणाली, ते ताईला कळतं."

मी कपाट उघडलं. तिची पांढरी, निळ्या काठांची साडी काढली. नेसवताना बायका म्हणाल्या, उजवीकडून जरा वर खोचा, खाली पाय नाही, रिकामीच पडतेय. मी खोचली नाही. दोन्ही बाजूंना सारखी पुरेल अशी नेसवली, निऱ्या हातानं सरळ केल्या आणि पेटीवर झाकण ठेवायला भावाला हाक मारली.