माझं काय चुकलं ते सांगा

बास्केटबॉलच्या सरांनी विक्रांतचं मनगट हातात धरलं. कोपर आत घेतलं, बोटं बॉलवर नीट पसरून दिली. "आता सोड." मग माझी पाळी आली. सर मागं सरकले. हातातल्या काठीनं माझं कोपर वर ढोसलं आणि म्हणाले, "तू राहू दे. तू बास्केटखाली थांब."

बास्केटखाली थांबायचं म्हणजे दुसऱ्यांनी मारलेले बॉल गोळा करून त्यांना परत द्यायचे. जालन्याच्या मैदानावर मी तेच करत होतो. नववीत होतो. वर्गात सगळ्यात उंच. उडी अशी, की बॉल खाली यायच्या आत माझ्या हातात. विक्रांत बियाण्यांच्या व्यापाऱ्याचा पोरगा. तो चुकला की सर खेळ थांबवायचे, ओरडायचे, पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. मी चुकलो तर शिट्टीसुद्धा नाही.

एकदा धीर करून विचारलं, मला कधी शिकवणार? सर हसले.

"तुला काय शिकवायचं रे? तुमच्या लोकांत ताकद जन्माचीच असते. विक्रांतला डोकं आहे, त्याला शिकवावं लागतं."

तुमचे लोक म्हणजे कोण, हे मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. आम्ही बौद्ध. आणि मी मूर्ख, खूश झालो! छाती फुगवून घरी गेलो आणि जेवताना पप्पांना जसंच्या तसं सांगितलं.

पप्पा स्टीलच्या कारखान्यात कामाला. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे शिकवत न्हाई व्हय तुला?"

"ताकद हाय म्हणले माझ्यात."

"आमचा मुकादम बी हेच म्हणतो. तुमच्यात ताकद हाय म्हणतो अन् भट्टीपाशी आम्हालाच उभं करतो. मशीन चालवायला दुसऱ्याला शिकवतो. इतके साल झाले, हेच ऐकून राह्यलो."

मला पुढं जेवण गेलं नाही. कौतुक समजून मी शिवी घरी घेऊन आलो होतो. अंगाची लाही लाही झाली. सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या त्या फुगलेल्या छातीचा.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चल, खाली थांब." मी गेलो नाही. विक्रांतच्या मागं रांगेत उभा राहिलो. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पाळी आली, बॉल मारला. रिंगला आपटून बाहेर गेला. कुणीतरी फिसकन हसलं.

"बघ, जमत नाही. जा खाली."

"सर, माझं काय चुकलं ते सांगा. विक्रांतला सांगता तसं."

"लई शहाणा झालास का? उद्यापासून येऊ नको."

घाबरलो होतो मी. खोटं कशाला सांगू? पण तोंडातून निघालंच, "मैदान सरकारी हाय सर. मी येणार."

आणि गेलो. रोज त्याच रांगेत, रोज तोच प्रश्न. सर तोंड फिरवायचे. जिल्ह्याच्या संघात मला घेतलं नाही. विक्रांत राज्यापर्यंत खेळला. चांगला खेळतो तो, वाद नाही. त्याला घडवलं. मला कुणी हात लावला नाही, आणि नंतर मैदानावरचे हेच लोक म्हणाले, पोरात ताकद होती, पण पुढं काही झालं नाही त्याचं.

आता कॉलेजात आहे. परवा इथल्या नव्या सरांनीही माझे खांदे बघितले आणि म्हणाले, "वा, काय ताकद आहे!"

मी म्हणालो, "ताकदीचं सोडा सर. खेळ बघा. चुकलो तर ओरडा माझ्यावर."

ते गडबडले. गडबडू द्या. माझ्या अंगाचं कौतुक आता कुणी करायचं नाही. मला शिकवायचं. तो माझा हक्क आहे, आणि जाईन त्या मैदानावर, सगळ्यांसमोर, मी तो मागणार. नाही दिला, तर बॉल हातात धरून तिथंच उभा राहीन. माझ्या मागची रांग पुढं सरकणार नाही.