यवतमाळच्या मुंगवड्या

कापूर-ओव्याचा वास आला की मला पुण्यातली ती गच्ची आठवते. आईने यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबहून ट्रॅव्हल्सने मूगडाळीच्या वाळवलेल्या मुंगवड्या पाठवल्या होत्या आणि कोरोना जवळ येऊ नये म्हणून पिशवीत कापूर-ओव्याची पुरचुंडी टाकली होती. नेमकं त्याच सकाळी पेपरात आलं, की यवतमाळकडे विषाणूचं नवं रूप सापडलंय. घरमालकीणबाई त्याला सरळ ‘यवतमाळचा’ म्हणू लागल्या. नवऱ्याला दमा, त्यामुळे बिचाऱ्या धास्तावलेल्या. “ते सगळं तीन दिवस गच्चीवर उन्हात पसरा, मगच घरात आणा,” त्या दाराआडून म्हणाल्या. मी चिडून आईला फोन लावला, तर ती म्हणे, “कायले चिडून राह्यला बापा? घाईत ओलसरच भरल्या होत्या, त्याइले दोन उन्हं पाह्यजेच होते. अन् अर्ध्या त्या बाईच्याच हायेत.” चौथ्या दिवशी अर्ध्या वड्या नेऊन दिल्या, तेव्हा बाईंना माझ्याकडे बघवेना. पुढे अशा विषाणूंना गावांऐवजी ग्रीक अक्षरांची नावं द्यायचं ठरलं, तेही मी आईला कळवलं. “बरं झालं,” ती म्हणाली, “सापडला म्हणून का आपला झाला तो?” मी ते घर केव्हाच सोडलं, पण यंदाही बाईंचा निरोप आलाय: वड्या पाठवा, यवतमाळच्याच हव्यात.