मिसरची लेकुरवाळी

मोठ्या लढाईवरून माझा थोरला भाऊ परत आला तेव्हा महाराज गादीवर होते आणि मी कोल्हापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. भाऊ खेचरांच्या पलटणीबरोबर मिसर देशात गेला होता. त्याच्या ट्रंकेतून आईसाठी बोटभर उंचीची एक मूर्ती निघाली. मोरपंखी रंगाची, गुळगुळीत. बसलेली बाई आणि मांडीवर अंगावर पिणारं मूल. बाईच्या डोक्यावर दोन शिंगं, मध्ये गोल चकती.

आईनं ती तळहातावर घेतली. दुपार होती. कौलांमधून उतरलेलं ऊन तिच्या हातावर पडलं होतं. मला अजून आठवतं ते असं, की त्या मूर्तीच्या आत हिरवं पाणी हलत होतं. तसं काही असणं शक्य नाही, पण डोळ्यांपुढे तेच येतं.

"ही मरियाच हाय," आई म्हणाली. "बाळाला घिऊन ती मिसरातच पळून गेलती न्हवं?"

"आणि शिंगं गं?" मी विचारलं.

"बाळ गोठ्यात जन्मलं की."

भाऊ हसला नाही. कैरोत त्यानं एक जुनं ख्रिस्ती देऊळ पाहिलं होतं. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन तिथल्या तळघरात राहिले होते, असं तिथले लोक मानत. परातीतल्या पिठात बोटानं त्यानं एक क्रूस काढला. वरच्या टोकाला फासासारखं गोल कडं होतं.

"तिथल्या पाद्र्यापाशी असला क्रूस हुता," तो म्हणाला. "आन् वाळूतल्या पडक्या देवळात, जुन्या देवांच्या हातातबी हीच खूण कोरल्याली. आमचा दुभाष्या म्हणला, दोन्हीकडं अर्थ एकच. जीव."

आईनं त्या पिठाच्या भाकरी लगेच केल्या नाहीत. परात तशीच बाजूला सारून ती खूण बघत बसली.

माझे वडील शुभवर्तमानाची पुस्तकं गावोगाव विकत. मी लहान असताना पंचगंगेच्या पुरात त्यांची नाव उलटली. आई काठाकाठानं पार कृष्णेच्या संगमापर्यंत चालत गेली. हाती लागलं ते फक्त पागोटं, एका बाभळीला अडकलेलं. देह नाही म्हणून कबर नाही. आमचे पाळकसाहेब प्रार्थना करायला तयार होते, पण आईच नको म्हणाली. शेवटच्या दिवशी मेलेले कबरींतून उठणार. मग ज्याला कबरच नाही तो कुठून उठणार? हा घोर तिनं मनातच ठेवला होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर शाळेच्या मडमसाहेब आमच्याकडे चहाला आल्या. वयस्कर बाई, मराठी पुस्तकी पण स्वच्छ. फळीवर पवित्र शास्त्राशेजारी ती मूर्ती बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"ही मरिया नव्हे," त्या हळूच म्हणाल्या. "ही इसिस. मिसरी लोकांची प्राचीन देवी. प्रभू जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची."

आईचा चेहरा उतरला. मग तिनं विचारलं, "हिची गोष्ट काय?"

मडमसाहेबांनी सांगितली. हिच्या नवऱ्याला त्याच्या सख्ख्या भावानं दगा देऊन पेटीत कोंडलं आणि नदीत सोडलं. ही रडत त्याला शोधत फिरली. सापडलेल्या देहाचे त्याच वैऱ्यानं तुकडे करून देशभर फेकले, तेही हिनं वेचले. मग तो उठला आणि मेलेल्यांचा राजा झाला. मांडीवरचं मूल त्याचंच.

बाहेर कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं. उसाच्या रसाचा गोड वास घरभर तरंगत होता. त्या वासात मला नदीकाठानं चालणारी एक बाई दिसू लागली. तिच्या डोक्यावर शिंगं नव्हती, आईच्या निळ्या लुगड्याचा पदर होता.

"सगळं गावलं तिला?" आईनं विचारलं.

"सगळं नाही. काही भाग मासे खाऊन गेले, असे सांगतात."

"तरीबी तो उठला?"

"त्यांची तशी श्रद्धा होती." वडिलांना कबर नाही हे मडमसाहेबांना ठाऊक होतं. "काही विद्वान म्हणतात, प्रभू उठल्याची आपली गोष्ट त्यांच्या गोष्टीवरून आली. मला ते पटत नाही. पण ती माणसेही मरणापुढे हात जोडून बसली नव्हती, एवढे खरे. आणि हे पाहा, प्रभूला कुणाला उठवायला कबर लागत नाही."

आईनं पदर डोळ्यांना लावला. कितीतरी वर्षांत मी तिला असं उघड रडताना पाहिलं नव्हतं. मडमसाहेब उठून तिच्याशेजारी चटईवर बसल्या आणि चहा निवून गेला.

मूर्ती आईनं स्वतःच फळीवरून काढून भावाच्या ट्रंकेत ठेवली. "लोकं नमस्कार कराय लागतील," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात ती पाळकसाहेबांकडे गेली. आमच्या ख्रिस्ती कबरस्तानात भावानं एक लहान खड्डा खणला. आईनं त्यात वडिलांचं पागोटं ठेवलं आणि आपल्या हातानं माती लोटली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि सगळ्यांनी गीत धरलं. धुकं इतकं होतं की रांगेतल्या शेवटच्या कबरी दिसतच नव्हत्या, नुसते आवाज ऐकू येत होते. मला भावाचा आवाज ओळखू आला, आईचा आला नाही. ती गात होती आणि तिचा आवाज एखाद्या तरुण बाईचा वाटत होता.

परतताना तिनं भावाला विचारलं, मिसरातल्या नदीला पूर कधी येतो. तो सांगत राहिला आणि आम्ही तिघं सावकाश चालत घरी आलो.