हलगी शेकताना

काल कुरुंद्यात हलगी शेकली जात होती. जाळावर तापलेल्या चामड्याचा वास आला आणि मी पंचवीस वर्षे मागे गेलो.

लहानपणी त्रिनिदादहून लंडनला गेलेल्या आणि आफ्रिकी व आधुनिक नृत्यात आयुष्य घालवलेल्या एक साठीच्या बाई तेव्हा गावात हलगी ऐकायला आल्या होत्या. मी शाळेत शिक्षक, म्हणून दुभाषी. गावचा हलगीवाला सखाराम याने हलगी धरताच त्यांनी चपला काढल्या आणि मातीत अशा नाचल्या की पारावरची मंडळी बोलणे विसरली. मग धापा टाकत त्या मला म्हणाल्या, “या तालासाठी मी जन्मभर हिंडले. हे माझे गुरू. यांना माझ्या शेजारी खुर्चीवर बसवा.”

पारावरच्या वडीलधाऱ्यांसमोर सखारामच्या जातीचे कुणी कधी खुर्चीवर बसले नव्हते. मी कचरलो.

“बाई काय म्हनल्या, गुरुजी?”

“चांगलं वाजवतोस म्हणाल्या.”

“एवढं लांबलचक बोलल्या, अन् एवढंच व्हय?” तो हसला आणि खाली मातीत बसला.

काल हलगी शेकत होता तो त्याचा मुलगा. त्याला मी बाईंचे बोलणे पूर्ण सांगितले. त्याने हलगी जाळावरून बाजूला घेतली.

“बा व्हता तव्हा सांगायचं व्हतं, गुरुजी.”