मावशीच्या हातची ओटी

जीप दारात उभी होती आणि मी पाटावरून उठायला तयार नव्हते. ब्याण्णव सालचा मे महिना. नवरा कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात होता आणि मिरजेहून संध्याकाळची रेल्वे धरायची होती. माझी आई मी चौथीत असतानाच गेली, म्हणून माझी पाठवणी सुनंदाच्या घरातून होत होती. सुनंदा माझी बालमैत्रीण, तिची आई ती माझी मावशी. रक्ताचं नातं काही नव्हतं. ओटी भरायची वेळ आली तशी मावशीनं आपल्या जावेला पुढं केलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. सुनंदाचे वडील नुकतेच वारले होते, आणि आमच्याकडं विधवेच्या हातानं कुणी ओटी भरून घेत नाही.

"मावशी, तू भरलीस तरच मी उठीन," मी म्हणाले.

"खुळ्यागत करू नगंस. नव्या नवरीनं माज्या हातची वटी घ्यायची नसती."

"मग जाऊ दे जीप रिकामी."

बाहेर माझे वडील खाकरायला लागले. शेवटी जाऊच वैतागली. "भरा की वो आक्का, गाडी चुकंल तिची."

मावशी आली. हात धुतले, पदराला पुसले आणि गहू, खण, नारळ माझ्या ओटीत घातला. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिला तशी पुन्हा कधी पाहिली नाही. कुंकवाचा करंडा मात्र तिनं जावेकडं सरकवला. तेवढं तिला झालं नाही.

तासगावजवळच्या आमच्या गावात मी वाढले ती तिच्याच घरात. वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला, हंगामात घरी यायचेच नाहीत. शाळा सुटली की मी सुनंदाबरोबर सरळ मावशीकडं. आम्हा दोघींना ती उंबऱ्यावर बसवून एकाच फणीनं उवा काढायची, आणि बोलणीही दोघींना सारखीच. सुनंदाचे वडील फौजेत होते. सुट्टीवर येताना ते दोन फ्रॉक आणायचे, दोन्ही सुनंदाच्या मापाचे. मी बारकी, तर मावशी माझा उसवून पुन्हा शिवायची आणि म्हणायची, "खात जा की जरा, माजं शिवणं तरी वाचंल."

कोइमतूरला दुकानाच्या मागं एक खोली. ॲसिडचा वास कपड्यांतून जात नसे. मी 'वांगो, उक्कारंगो', म्हणजे 'या, बसा' म्हणायला शिकले, सांबार शिकले, मुलगा झाला तो मला अम्मा म्हणायला लागला. दर रविवारी बूथवरून मावशीच्या शेजारी फोन लावायचा. ती धापा टाकत यायची आणि पहिलं विचारायची, "मालक बरं हायती न्हवं?" मला वाटायचं, जावयाची माया. ती भीती होती हे मला फार उशिरा कळलं.

सत्त्याण्णव साली सेलमच्या रस्त्यावर एका लॉरीनं नवऱ्याच्या स्कूटरला उडवलं. चालक पेंगला होता, तसं त्यानं पोलिसांना सांगितलंसुद्धा. मुलाला घेऊन मी गावी आले ती घरीही न जाता सरळ मावशीच्या दारात. वाटलं होतं, ती जवळ घेईल. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "माज्या हातानं झालं गं."

मी लॉरीचं सांगितलं, चालकाचं सांगितलं, रागावले, पाया पडले. "लॉरी कुणाला न्हाई आडवी येत?" एवढंच ती म्हणाली. जेवायला वाढलं ते जावेनं. माझ्या पोराला मावशीनं लांबूनच बघितलं, अंगाला हात लावला नाही. मला जन्माचा राग आला तो त्या दिवशी, कुणावर ते अजून सांगता येत नाही.

पोराला घेऊन मी कोइमतूरला परतले. पुढं सुनंदानं मावशीला आपल्या सासरी साताऱ्याला नेलं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा मावशी आतल्या खोलीत पडून राहिली, तोंड भिंतीकडं. सुनंदा चहा देताना रडायची. "तुजं नाव काढलं की आई जेवत न्हाई. नगं येत जाऊस," शेवटी तीच म्हणाली. नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर मावशी गेली. मला फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. गावातलं घर जावेच्या मुलांनी पाडून तिथं गाळे काढले, असं ऐकते.

इथं कोइमतूरला आमच्या गल्लीत विट्याकडच्या गलाईवाल्यांची बरीच घरं आहेत. त्यातलीच रेखा माझ्या अंगाखांद्यावर वाढली. परवा तिची पाठवणी होती. सगळ्या बायकांदेखत ती पाटावर बसून म्हणाली, "काकी, तुमीच भरा. मला दुसऱ्या कुणाची नको." तिची आईही हो म्हणाली, इकडं आता कोण मानतंय. मी आयुष्यभर ज्या समजुतीशी भांडले, ती खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी सुपातल्या गव्हाला माझा हात लागेना. रेखाचा नवरा रोज स्कूटरवर जातो, एवढंच डोक्यात. शेजारणीला पुढं करून मी आत गेले.

पोराला मराठी धड येत नाही. माझी भाकरी आता थापली की तुटते. गावाकडचं असं म्हणावं तर माझ्याजवळ मावशीचं हे भय एवढंच राहिलंय.