मागची सीट नसलेली गाडी

गाडी घरी आणली तेव्हा पितृपक्ष चालू होता. आमच्या कोल्हापुरात पितृपक्षात कुणी साधी सायकलसुद्धा घेत नाही. पुण्याच्या शोरूममधल्या पोरानं मला दोनदा विचारलं, "सर, घटस्थापनेपर्यंत थांबायचं नाही ना?" मी नाही म्हणालो. थांबलो असतो तर मला बायकोच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते द्यायची माझी छाती नव्हती.

आबा दारातच उभे होते. माझे वडील. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभं राहून त्यांनी घर उभं केलं. त्यांच्याच एका मशीनवरून मी पुढं शिरोलीत स्वतःच्या कारखान्याची शेड टाकली. गाडी निळी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरला तिचं बूड घासलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून आत बघितलं.

"पितरं चालू हाईत, आणि गाडी?"

"धंद्यासाठी घेतलीय आबा. भायेरनं मोठ्या पार्ट्या येतात. त्यांच्यावर छाप पडायला पायजे."

"मग पार्टीला बसवणार कुठं? तुझ्या मांडीवर?"

गल्लीतली चार माणसं हसली. मीही हसलो. आबा हसले नाहीत. आमची जुनी गाडी, जिच्यातून ते दर महिन्याला दवाखान्यात जायचे, ती मी बदल्यात देऊन आलो होतो. ते त्यांच्या ध्यानात आलं असणार.

पुढचे आठ दिवस मी लोकांना कारणं देत फिरलो. शेडवरच्या माणसांना सांगितलं, मशीन काय आणि गाडी काय, चांगलं इंजिन जवळ असलं की माणूस शिकतो. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मित्राला म्हटलं, चाळिशी उलटली, आता नाही तर कधी? एकाला तर मी असंही म्हणालो की डॉक्टरांनीच ताण कमी करायला सांगितलंय. प्रत्येक कारण सांगताना ते मला खरं वाटायचं. घरी येऊन दाराशी उभी असलेली गाडी बघितली की एकही टिकायचं नाही.

खरं काय ते आता लिहितो.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दोष माझ्यात होता. तिसऱ्या वर्षीच रिपोर्ट आला होता, दोन वेळा तपासून. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात मी कठडा धरून पायरीवर बसलो तेव्हा बायको म्हणाली, "घरी काही सांगू नका. तुमच्या आईला सोसायचं नाही. उपचार चालू आहेत एवढंच सांगू." मी ते लगेच पदरात पाडून घेतलं. त्यानंतर आई तिला उपास सांगायची, कुठलीकुठली मुळी उगाळून द्यायची, बारशाच्या आमंत्रणाला तिला न घेता जायची. मी समोर बसून जेवत असायचो.

दोष माझ्यात, पण सुया तिच्या पोटात. नर्सकडून शिकून मीच तिला इंजेक्शनं द्यायचो. बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे-हिरवे डाग पडायचे, सुई टोचायला मोकळी जागा शोधावी लागायची. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवते. इंजेक्शन घेऊन, केस बांधून, पहिला तास गाठायची. असं चार वेळा झालं. चौथ्या खेपेला सहा आठवडे टिकलं. मग एका दुपारी शाळेतून तिचा फोन आला आणि ती फक्त एवढंच म्हणाली, "या."

त्यानंतर डॉक्टरांनी मार्ग सुचवला. दात्याचं बीज घ्यायचं, म्हणजे परक्या पुरुषाचं. मूल तिच्या पोटात वाढेल, तीच जन्म देईल. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी तयार आहे. तुम्ही?"

मी म्हणालो, "बघू."

महिनाभर मी बघूच म्हणत राहिलो. रोज सकाळी ती माझ्याकडं बघायची आणि मी बूट घालून बाहेर पडायचो. परक्याचं मूल माझ्या घरात, माझं नाव लावून, आणि त्याच्याकडं बघताना रोज मला माझाच रिपोर्ट दिसणार. तिला नाही म्हणायचं तोंड नव्हतं आणि हो म्हणायची ताकद नव्हती. तशात कामाला म्हणून पुण्याला गेलो, शोरूमच्या काचेतून ती गाडी दिसली आणि मी आत शिरलो.

गाडी आणली त्या दिवशी बायको शाळेतून आली तेव्हा मी अंगणातच होतो. तिनं पर्स खांद्यावरून काढली नाही. गाडीचं दार उघडलं, आत बसली, मान वळवून मागं बघितलं. मागं काहीच नव्हतं. सीटच्या पाठीला लागून पत्रा.

"दोघांचीच आहे," मी म्हणालो. "तुला आवडेल. आपण गोव्याला जाऊ. इतकी वर्षं नुसते दवाखानेच केले, आता जरा..."

"मला उत्तर दिलंत म्हणायचं," ती म्हणाली.

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

मी पुन्हा धंद्याचं सांगायला लागलो. ती ऐकत होती. वर्गातल्या पोरानं चुकीचं गणित फळ्यावर सोडवावं आणि बाईंनी त्याला शेवटपर्यंत सोडवू द्यावं, तशी. मग दार हलकेच लावून आत गेली.

नवरात्र बसल्यावर शाहूवाडीकडून माझी मावशी आली. आईची थोरली बहीण, आवाज आईहून मोठा. चहाच्या आधीच तिला गाडी बघायची होती. आई, मावशी, आबा, मी, सगळे अंगणात. बायको ट्रे घेऊन मागून आली.

"आगं बया, मागं शीटच न्हाई की रं!" मावशी म्हणाली. "लेकरंबाळं कुठं बसवायची?"

आई म्हणाली, "कुठली लेकरं, आक्का? आमच्या नशिबाला असली सून आली. बरं केलं त्यानं, रिकामी शीट घेऊन तरी कशाला फिरायची?"

मला ऐकू आलं. ट्रेमधल्या बश्या वाजल्या तेही ऐकू आलं. त्या एका क्षणात मला बोलता आलं असतं. तीनच शब्द होते, दोष माझ्यात हाय. मी काय बोललो? म्हणालो, "आई, तसं काय न्हाई, ही गाडी धंद्यासाठी घेतलीय."

बायकोनं ट्रे गाडीच्या टपावर ठेवला. सावकाश, एकही थेंब न सांडता. आत गेली, पाच मिनिटांत बॅग घेऊन आली, माझ्यापुढं हात केला. मी किल्ली दिली. ट्रे उचलून तिनं माझ्या हातात दिला आणि गाडी काढून निघून गेली. स्पीडब्रेकरला या वेळी आवाज आला नाही. तिनं गाडी तिरकी घेतली असावी. मावशी म्हणाली, "कसली रं ही तऱ्हा!" मी ट्रे धरून तसाच उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी हातकणंगल्याला गेलो. तिचं माहेर तिथं. स्टेशनपासून चालत गेलो. गाडी त्यांच्या गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीजवळ उभी होती आणि बाजूला म्हैस रवंथ करत होती. बायको शाळेला गेली होती. इथून बसनं. गाडीला तिनं आल्यापासून हातही लावला नव्हता.

सासरे अंगणातच होते. साधा शेतकरी माणूस, चार म्हशी, थोडा ऊस. त्यांनी पाणी दिलं, खाट टाकली, समोर जमिनीवर बसले. मी खाटेवर आणि ते खाली, मला अवघडल्यासारखं झालं. हाताची नखं बघत ते बोलले.

"पावणं, पोरगी काय बोलली न्हाई. पर मी समजलो. अकरा वर्सं झाली. दुसरा कोण असता तर केव्हाच आणून सोडली असती." त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले, छातीशी. "आमच्या पोरीत दोष असून तुमी तिला नांदवली. लई उपकार हाईत तुमचं. गाडी घ्या, काय पायजे त्ये घ्या, पर तिला टाकू नगासा."

तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बापाला. आठ वर्षं हा माणूस माझ्यापुढं वाकत आला होता, दिवाळीला मला कपडे करत होता, माझ्या आईच्या बोलण्यावर मान खाली घालत होता. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. आजवर मला वाटायचं, जावयाचा मान ठेवतात.

मी खाटेवरून उतरून त्यांच्यासमोर मातीत बसलो. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते घाबरले, पाठीवरून हात फिरवायला लागले, "आवं, काय झालं, पाणी देऊ?" तेव्हा कसंबसं बोललो. "दोष माझ्यात हाय मामा. तिच्यात काय न्हाई. ती धडधाकट हाय. पयल्यापासनं मला म्हाईत हाय."

त्यांचा हात पाठीवरच थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला. उठले, म्हशीपुढं वैरण टाकली, पुन्हा टाकली, जरूर नसताना. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझी बायकू मेली ती ह्योच घोर घेऊन मेली."

ते शिव्या देतील, मारतील, असं वाटत होतं. त्यांनी मला जेवायला वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. तो घास गिळणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम.

त्याच दिवशी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती, मावशी बाजूला. आई आधी हसली. मग म्हणाली, "तिनं शिकवून पाठवलं तुला." मी कपाटातून जुना रिपोर्ट काढून आबांच्या हातात दिला. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण नाव वाचता येतं. त्यांनी नाव वाचलं, कागद घडी करून मला परत दिला आणि चप्पल घालून बाहेर गेले. आईनं अर्धी निवडलेली मेथी तशीच टाकली आणि देवघरात जाऊन बसली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आबांना घेऊन, मला न सांगता, बसनं हातकणंगल्याला गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

बायको त्यानंतर आठवड्यानं आली. बसनंच. गाडी आणली नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो की दात्याच्या संमतीपत्रावर मी सही करायला तयार आहे. ती म्हणाली, "माझ्यावर उपकार म्हणून करू नका." मी म्हणालो, "उपकार नव्हे. मला भीती वाटते. तरी करायचंय."

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. आठ वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा एकमेकांना सांगितलं होतं.

गाडी दिवाळीनंतर सांगलीच्या एका बिल्डरला विकली. तो गोठ्याशी येऊन बघून गेला आणि हसत होता. मला तोटा झाला, पण त्याचं काही वाटलं नाही. तिच्या जागी आबांना दवाखान्यात नेता येईल अशी साधी, जुनी गाडी घेतली.

सही मी जानेवारीत केली. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा ते डाग. या वेळी तिच्या जेवणाचं आई बघायची, शाळेतून यायला उशीर झाला की फाटकाशी उभी राहायची. निकालाचा फोन आला तेव्हा मी शेडवर होतो. डॉक्टरांच्या आवाजावरूनच कळलं. मशीन चालूच ठेवून मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो.

घरी आलो तेव्हा ती पाचवीच्या वह्या तपासत होती. मी काही बोलायच्या आत तिनं माझा चेहरा बघितला. लाल पेन खाली ठेवलं.

"अजून एकदा करू," ती म्हणाली. "त्यानंतर नाही."

मी तिच्याजवळ बसलो. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता. तिनं त्यातल्या अर्ध्या उचलून माझ्यापुढं सरकवल्या. उत्तरांची यादी दिली आणि म्हणाली, "नुसत्या बेरजा आहेत. जमेल तुम्हाला." अंधार पडेपर्यंत आम्ही वह्या तपासत बसलो. मध्येच तिला रडू आलं. तिनं ते थांबवलं नाही, आणि मीही उठून गेलो नाही.