पिंडाजवळची बाटली

बाबांची दारू सुटली ती एका सिंधी मिस्त्रींमुळे. दोघं अंबरनाथच्या एकाच कारखान्यात कामाला होते आणि मिस्त्रींनी स्वतःही पिणं सोडलं होतं. सुटी झाली की ते बाबांना हातभट्टीची गल्ली ओलांडून थेट आमच्या दारापर्यंत आणायचे, चहा घ्यायचे आणि मगच निर्वासितांच्या कॅम्पातल्या आपल्या घरी जायचे. बाबा गेले तोवर हे चाललं.

दहाव्याला बदलापूरच्या नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. पोरांना शिकवू, पोरीचं लग्न करून देऊ, असं जो तो हात जोडून कबूल करत होता. ऊन चढलं, तेव्हा काकांनी पिशवीतून बाटली काढली. दारूबंदीतही ती त्यांना बरी मिळाली.

"त्याचा जीव हिच्यातच अडकलाय," काका म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. मागे बसलेली आई म्हणाली, "दर्भाचा कावळा करा." भटजींनी तो करून पिंडाला टेकवला आणि आम्ही उठलो.

काकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्या संध्याकाळी मिस्त्री सवयीने चहाला आले, तेव्हा आईने त्यांना हळूच विचारलं, "भाऊ, ती ओतल्यावर कावळा आला असता, तर?"